जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून नाव द्यावं का? तिथे नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय, शाळेतून पालकसभेची नोटीस आली आहे, शाळा व्यवस्थापन समिती नव्याने निवडायची आहे, पण आपलं शिक्षण दहावीपर्यंत आणि गावच्या राजकारणाशी कधी संबंध नाही, मग नाव द्यावं का?

द्या. मी बारावी झालेली, घरी शिलाईकाम करते. आमच्या गावच्या शाळेच्या समितीत मी दोन वर्षं सदस्य होते आणि पुढची दोन वर्षं अध्यक्ष. मुलगी सातवी पास होऊन हायस्कूलला गेली तेव्हा बाहेर पडले. त्या चार वर्षांत शिकले ते सांगते.

ही समिती कुणाच्या मर्जीवर चालत नाही, हे आधी मनात पक्कं करा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्याकडे १२ ते १६ जणांची समिती असते, मुख्याध्यापक सचिव, अध्यक्ष मात्र पालकांमधूनच. मुदत दोन वर्षं आणि महिन्यातून किमान एक बैठक. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं आणि आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं, ही तीन कामं कायद्यातच लिहिलेली आहेत.

निवडीबद्दल. सभा सकाळी अकराला ठेवली की रोजंदारीवर जाणाऱ्या बाया येत नाहीत. वीस-पंचवीस माणसं जमतात, कुणीतरी खिशातून तयार यादी काढतं, टाळ्या वाजतात आणि निवड बिनविरोध झाली असं लिहिलं जातं. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मी सभेच्या आठ दिवस आधी संध्याकाळी घरोघरी गेले. मला निवडून द्या असं म्हणायला जीभ रेटेना, म्हणून एकच विचारत गेले की तुमच्या लेकराला शाळेत कशाचा त्रास होतो? जे सांगतील ते वहीत लिहून घेतलं. सभेला त्यातल्या बऱ्याच बाया आल्या आणि त्यांनीच माझं नाव सुचवलं. तुम्हीही कुणाला काही कबूल करू नका. ऐकून घ्या आणि लिहून ठेवा. आमचा पुढचा विकास आराखडा त्याच वहीतून निघाला.

समितीत गेल्यावर खरी परीक्षा इतिवृत्ताच्या रजिस्टरची. आमच्याकडे त्याला प्रोसिडिंग म्हणतात. पहिल्याच महिन्यात एक मुलगा रजिस्टर घेऊन घरी आला, ‘सरांनी सही मागितलीय.’ बैठक झालीच नव्हती, पण ठराव लिहून तयार होते. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापक सरांना म्हटलं, बैठक लावा, मी येते, वाचते आणि सही करते. सर माणूस वाईट नव्हते. दोन वर्ग सांभाळून रोजची ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशोब, वरून येणारे टपाल, सगळं त्यांच्याच डोक्यावर, आणि आजवर कुणी पालकाने विचारलंच नव्हतं. पण मी सही केली असती तर पुढची दोन वर्षं माझं काम फक्त सही करण्याचं राहिलं असतं. म्हणून सांगते, सही बैठकीतच करायची, मोठ्याने वाचून घेऊन, आणि शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा राहिली तर तिथे रेघ मारून. मुद्दा पटला नाही तर ‘अमुक सदस्याचा विरोध’ असं नावानिशी लिहायला लावा. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी विरून जातं, प्रोसिडिंगमधला ठराव मात्र तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही सहज बाजूला सारता येत नाही.

माझ्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेली गोष्ट मुलींच्या शौचालयाची होती. शौचालय होतं, पाणी नव्हतं. सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि काही जणी परत यायच्याच नाहीत. दुरुस्ती मागायला गेलो तर कळलं की शाळेने भरलेल्या यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या, माहितीत ते शौचालय ‘वापरात’ आहे. कागदावर चांगलं असलेल्या गोष्टीला निधी कोण देणार? प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि त्यावरून शाळेची माहिती संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. तुम्ही आजच तुमच्या शाळेची काढा आणि एकेक ओळ शाळेत जाऊन डोळ्यांनी ताडून बघा. आम्ही खरी स्थिती ठरावात लिहिली, पुढच्या वेळी माहिती दुरुस्त करून घेतली आणि तो ठराव ग्रामसभेत मांडला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम धरता येईल. टाकी आणि नळ बसायला दीड वर्ष लागलं. ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी मी शिवण बाजूला ठेवून शाळेत जाऊन बसले होते. मुली हात धुताना बघून मला रडू आलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटाप्रमाणे, म्हणजे मुलांच्या संख्येप्रमाणे, संयुक्त शाळा अनुदान येतं. १०० च्या वर आणि २५० पर्यंत पट असेल तर वर्षाला ५०,००० रुपये, त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर. रक्कम कळली की बैठकीत आधी यादी करा आणि मगच खर्च होऊ द्या. पावत्या मागायला लाजू नका, मात्र चोर पकडायला आल्यासारख्या मागू नका.

आमचा भाग ऊसतोड कामगारांचा. दिवाळी झाली की ट्रक लागतात आणि अर्धी वस्ती कारखान्याकडे निघते. मुलं मार्चपर्यंत फडावर. परत येतात तेव्हा वाचायला विसरलेली असतात, आणि मोठ्या मुली कधीकधी वर्गात परत येतच नाहीत. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल गावात आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, जेवणखाण शासनाच्या निधीतून होतं, आणि ते चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर येते. समितीचं सगळ्यांत मोलाचं काम मला हेच वाटतं. पण त्याची तयारी दिवाळीच्या खूप आधी लागते. पहिल्या वर्षी आम्ही प्रस्ताव उशिरा दिला आणि ट्रक आमच्या डोळ्यांसमोर मुलांना घेऊन गेले. दुसऱ्या वर्षी पोळ्यापासूनच याद्या केल्या, तोडीला टोळ्या नेणाऱ्या प्रत्येक मुकादमाला भेटलो, आणि वस्तीवरच्या एका आजीला समितीत घेतलं होतं तिने घरोघर बसून समजावलं. ‘पोरीला मी सांभाळते, तू जा,’ हे तिच्या तोंडून ऐकल्यावर आईबाप मुलांना गावात ठेवायला तयार झाले. माझं किंवा सरांचं कुणी ऐकलं नसतं. वंचित घटकांना जागा देण्याचा नियम कशासाठी आहे, हे मला त्या आजीमुळे कळलं. तुमच्याकडे वस्ती, तांडा, पाल असं जे काही असेल, तिथलं माणूस समितीत नुसतं नावाला घेऊ नका. बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवा, जमलं तर त्यांच्याच दारात भरवा.

जे जमलं नाही तेही सांगते. आमच्याकडे एक शिक्षकाची जागा रिकामी होती. कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. ठराव केले, पंचायत समितीत खेटे घातले, निवेदनं दिली, तरी पूर्ण एक वर्ष कुणी आलं नाही. त्या वर्षी जी मुलं दुसरीत होती त्यांचं वाचन पुढे बरेच दिवस मागे राहिलं. ते वर्ष मला अजून सलतं. समितीला शिक्षक नेमता येत नाही, फक्त मागणी लावून धरता येते.

आणि माझी एक चूक. एक शिक्षक सारखे उशिरा यायचे म्हणून मी त्यांना वर्गातच, मुलांसमोर जाब विचारला. ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मुलांच्या मनात त्यांचा मान उतरला, त्याचं नुकसान मुलांनीच भोगलं. वेळेवर येणं हे कलम २४ प्रमाणे शिक्षकाचं कर्तव्य आहे, बैठकीत शांतपणे विषय घेऊन नोंद करता आली असती. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना कळवता आलं असतं. शाळेच्या आवारात आवाज चढवायचा नाही, हे मी तेव्हा ठरवलं.

आता तुमच्या नोटिशीत सभेची वेळ काय दिली आहे ते बघा. कामाच्या दिवशी सकाळची असेल तर दोन-चार आयांना बरोबर घेऊन उद्याच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या की सभा संध्याकाळी ठेवावी. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, तिच्यावर पोच घ्या. आणि आज रात्रीपासून वही घेऊन बाहेर पडा, पहिली सुरुवात सगळ्यांत लांबच्या घरापासून करा.