इंटिरिअरसाठी ऑटोकॅड आधी शिकावं की थेट थ्रीडी? मुंबईत क्लास लावण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, बोरिवलीला राहता, अकाउंट्सची नोकरी सोडून इंटिरिअरमध्ये यायचंय. आणि एका मैत्रिणीने सांगितलंय, ‘ऑटोकॅडमध्ये वेळ घालवू नकोस, ते ड्राफ्ट्समनचं काम आहे, डिझायनरने थेट थ्रीडी शिकावं.’ तुमचा प्रश्न सॉफ्टवेअर कुठलं आणि क्लास कुठला एवढाच आहे. मी मात्र त्या मैत्रिणीच्या वाक्यासाठी लिहायला बसले आहे, कारण मी ड्राफ्ट्समन आहे, म्हणजे मापाचे नकाशे काढणारी. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा ट्रेड केलाय. ट्रेसिंग पेपरवर रॉटरिंगच्या पेनाने रेघ मारायची, चुकली तर ब्लेडने खरवडायची, आणि तीच रेघ पुन्हा तशीच यायला हवी, अशा तालमीत हात तयार झालाय. नंतर कॉम्प्युटरवर आले, आता स्वतःची कामं घेते.

सरळ सांगते. ऑटोकॅड, म्हणजे तेच नकाशे कॉम्प्युटरवर काढायचं सॉफ्टवेअर, आधी. आणि ऑटोकॅडच्याही आधी मोजायचा टेप.

दादरच्या एका ऑफिसात मी कामाला होते तेव्हाची गोष्ट. मुलुंडला नव्या टॉवरमधला टू बीएचके, निवृत्त जोडपं. मास्टर बेडरूममध्ये पलंगाच्या समोरच्या भिंतीला सात फुटांचं कपाट. थ्रीडी करणाऱ्या मुलाने सुंदर रेंडर, म्हणजे फोटोसारखं चित्र, काढलं. पडद्यातून येणारं ऊन, गादीवर दुमडलेली चादर, सगळं. काका-काकूंनी बघितलं आणि तिथल्या तिथे पास केलं. रेंडर पास झाल्यावर सरांनी मला साइटवर मापं घ्यायला पाठवलं. म्हणजे मापं नंतर आणि चित्र आधी. आमच्या धंद्यात हा उलटा क्रम सर्रास चालतो.

रेंडरमधली खोली बिल्डरच्या ब्रोशरवरून घेतली होती, पलंगाच्या डोक्याकडची भिंत ते समोरची भिंत ११ फूट. मी टेप लावला तर १० फूट ७ इंच. ब्रोशरमधली मापं बऱ्याचदा विटेपासून विटेपर्यंतची असतात. दोन्हीकडचं प्लास्टर आणि त्यावरचा पीओपीचा पातळ थर (पनिंग) धरून इंच-इंच गेला होता, आणि कपाटाच्या भिंतीत कॉलम तीन इंच पुढे आलेला होता. कपाट बसणार कॉलमच्या पुढे. झाले पाच इंच.

आता हिशेब करा. १० फूट ७ इंच म्हणजे १२७ इंच. पलंग हेडबोर्डसकट ८४. कपाट भिंतीपासून पुढे २४, कारण हँगरला अडकवलेला शर्ट आडवा मावायला आतून साधारण २२ इंच तरी लागतात. उरले १९ इंच. रेंडरमध्ये सात फुटांच्या कपाटाला चार शटर, म्हणजे दारं, होती, म्हणजे एकेक शटर २१ इंचांचं. उघडलं की दोन इंच पलंगात.

हे मला डोक्यात गणित करून कळलं नाही. ऑफिसात येऊन मी १:२० ला, म्हणजे खऱ्याच्या विसाव्या भागाच्या मापाला, वरून दिसणारा प्लॅन काढला. प्लॅनमध्ये शटर दाखवताना ते कुठवर उघडतं त्याचा कमानीसारखा पाव गोल काढतात, बारीक पेनाने. तो पाव गोल मी काढला आणि तो गादीच्या रेघेला कापून आत गेला. चारही गोल, चारही ठिकाणी. रेंडरमध्ये हे दिसायला जागाच नव्हती, कारण रेंडरमध्ये कपाटाची दारं कायम बंद असतात. आणि कॅमेरा भिंतीच्या बाहेर नेऊन ठेवलेला. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नजरेचा कोन मुळात ३५ अंशांचा असतो, इंटिरिअरचं चित्र काढताना तो ६०-७० पर्यंत ताणतात, म्हणजे छोटी खोली मोठी दिसते. काकूंना त्या चित्रात पलंग आणि कपाटामध्ये ऐसपैस रस्ता दिसला होता. त्यांना दोष कसा द्यायचा?

मी दुसरा प्लॅनही काढला. त्याच सात फुटांत सहा शटर, प्रत्येकी १४ इंच. १९ इंचांत आरामात उघडतात आणि आणखी पाच इंच उरतात. स्लायडिंगचा विचार केला होता, पण त्याच्या ट्रॅकमुळे कपाट आणखी तीनेक इंच पुढे येतं, रस्ता अजून अरुंद झाला असता. प्रिंटवर तारीख टाकली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “क्लायंटने व्ह्यू पास केलाय, सहा शटरमध्ये लुक जाईल. तू ऑपरेटर आहेस, ड्राफ्टिंग कर. डिझाइनचं आम्ही बघतो.”

साइटवर मिस्त्रींना गेला तो रेंडरचा रंगीत प्रिंट, आणि फोनवरून, ‘२१ चे चार’. मिस्त्री संगमेश्वरकडचे, कामात अतिशय चोख. त्यांनी मला फोन केला होता, “ताई, प्लॅन कुठाय? फोटोवरून कसं कापू?” मी सरांना पुन्हा सांगितलं. उपयोग झाला नाही. प्लाय कापली गेली, लॅमिनेट चढलं, बिजागऱ्या लागल्या, शेवटी पलंग जागेवर बसला. काकूंनी शटर उघडलं आणि ते गादीला थडकलं.

सर काकूंना म्हणाले, मिस्त्रीने माप चुकवलं. चार शटरचं मटेरियल आणि मजुरी त्या माणसाच्या बिलातून कापली, आणि नवीन सहा शटर बनली. १४ इंचांची. माझ्या प्लॅनमध्ये होती तशीच. मी तारीख टाकलेला प्रिंट सरांपुढे ठेवला तर म्हणाले, हा क्लायंटसमोर आणू नकोस. मी पुढे ते ऑफिस सोडलं. पण मिस्त्रींचे पैसे त्यांना कधी मिळाले नाहीत, आणि ‘ड्राफ्ट्समनचं काम’ हे शब्द त्या सुरात कुणी उच्चारले की मला आजही राग येतो.

बरं, आता तुमच्या शिकण्याचं.

पहिले काही आठवडे कॉम्प्युटरला हात लावू नका. स्वतःचं घर मोजा. प्रत्येक भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीन उंचींवर मोजा, मापं वेगळी येतील. खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, आणि मुंबईत ती सहसा नसतेच. बीमचा तळ, खिडकीच्या कट्ट्याची उंची, स्विचबोर्ड, एसीचा पॉइंट, सिंकखालचा पाइप, सगळं हाताने काढलेल्या कच्च्या नकाशावर टाका. मग तेच ऑटोकॅडमध्ये चढवा. काही ना काही माप राहिलेलं असणार आणि तुम्हाला पुन्हा टेप घेऊन उठावं लागणार. कपाटाचा दरवाजा का उघडत नाही, हे तुम्हाला तिथे कळायला लागेल.

ऑटोकॅडमध्ये कमांड शेकडो आहेत, रोजच्या कामाला लागतात मोजक्या: लाइन, पॉलिलाइन, ऑफसेट, ट्रिम, फिलेट, लेयर, ब्लॉक, डायमेन्शन. क्लासमध्ये हे पटकन होतं. जे शिकवत नाहीत आणि ज्याच्यावरून ऑफिसात तुमची पारख होते ते म्हणजे लेयर शिस्तीत ठेवणं, पेपर स्पेसमध्ये (प्रिंटचं पान मांडायच्या भागात) बरोबर स्केलला शीट लावणं, आणि रेघेची जाडी. कापलेली भिंत जाड, फर्निचर मध्यम, डायमेन्शन बारीक. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असल्या तर तो कागद मिस्त्रीला वाचता येत नाही. आणि मापं मिलिमीटरमध्ये टाकलीत तरी शेजारी इंच लिहा. आपल्याकडे मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात, आठ सुतांचा इंच.

ड्रॉवरचं एक डिटेल पूर्ण काढून बघा. १८ मिलिमीटरची प्लाय, दर्शनी बाजूला १ चं लॅमिनेट, आतून ०.८ चं. ड्रॉवर सरकवणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच जातो, म्हणजे बॉक्सच्या आतल्या रुंदीपेक्षा ड्रॉवर एक इंच कमी. हे एकदा सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, स्वतः काढलंत की नागदेवीला हार्डवेअरच्या दुकानात जाऊन चॅनेल हातात घेऊन बघा. लोहार चाळीत लाइटच्या फिटिंगचंही तसंच करा. फॉल्स सीलिंगमध्ये किती खोली ठेवायची ते तिथे कळतं.

मग स्केचअप. शिकायला सोपं आहे आणि ब्राउझरमध्ये चालणारं फुकटचं व्हर्जनही आहे, सरावाला पुरतं. पण चित्रासाठी वापरू नका, जोडणीसाठी वापरा. प्रत्येक फळी १८ मिलिमीटर जाडीची वेगळी काढून तिचा कंपोनंट करा. कपाट खरंच जोडा आणि शटर उघडून दाखवा. कॅमेरा खोलीच्या आत, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. व्ही-रे, थ्रीडीएस मॅक्स ही रेंडरची सॉफ्टवेअर नंतर, हवं तर. ब्लेंडर तर पूर्ण फुकट आहे आणि दर्जेदार आहे.

‘ऑटोकॅड जुनं झालं’ असंही तुम्हाला ऐकवतील. ऑटोकॅड १९८२ चं आहे, जुनंच आहे. स्केचअप २००० साली आलं, २००६ मध्ये गूगलने घेतलं, २०१२ मध्ये ट्रिंबलने. उद्या आणखी कुणी घेईल, बटणं इकडची तिकडे होतील. हँगरला २२ इंच तेव्हाही लागत होते, पुढेही लागतील. त्यामुळे कुठलं सॉफ्टवेअर यावर फार जागरण करू नका.

क्लासबद्दल: लावा, पण दोन-तीन महिन्यांचा, बेसिकपुरता. दादर, ठाणे, अंधेरी, बोरिवली, सगळीकडे आहेत. फी भरायच्या आधी एकच गोष्ट विचारा, शेवटी विद्यार्थी काय बनवून दाखवतात? नुसते रेंडर दाखवले तर उठून या. वर्किंग ड्रॉइंगचा पूर्ण सेट दाखवला, म्हणजे प्लॅन, चारही भिंतींची एलिव्हेशन (समोरून दिसणारी चित्रं), सेक्शन, इलेक्ट्रिकल, तर बसा. सर्टिफिकेटला मी कामाला माणूस घेताना काहीच किंमत देत नाही. एक खोली मोजायला पाठवते आणि काय काढून आणलं ते बघते. मोठा कोर्स करायचाच असेल आणि वेळ असेल तर प्रभादेवीचं रचना संसद किंवा जे. जे. यांची चौकशी करा. तिथे सॉफ्टवेअरपलीकडचं बरंच शिकायला मिळतं.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. पायरेटेड सॉफ्टवेअर घेऊ नका, क्लासवाले पेनड्राइव्हवर देतात तरीही. मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश असेल तर ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना वर्षभराचं लायसन्स फुकट देतं आणि पुढे नूतनीकरण होतं. दुसरं, मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात किंवा कमर्शियल कामात जायचं असेल तर रेव्हिट, म्हणजे अख्ख्या इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, लागेल. मी सांगितलेला क्रम घरांच्या कामाचा आहे. तिसरं, रेंडर करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. उजेड, पोत आणि रंग जमवणं ही स्वतंत्र कला आहे आणि तुम्हाला तेच आवडत असेल तर व्हिज्युअलायझर व्हा, त्यात चांगला पैसा आहे. पण त्यांनाही बरोबर मापाचा प्लॅन कुणीतरी द्यावा लागतो. मुलुंडचं रेंडर काढणाऱ्या त्या मुलालाही कुणी दिला नव्हता.

आणि तुमच्या मैत्रिणीला विचारा, तिच्या ऑफिसातून साइटवर जो कागद जातो तो कोण काढतं, आणि त्यावर त्या माणसाचं नाव असतं का.

तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये ‘ड्रॉन बाय’ (कुणी काढलं) समोर आपली आद्याक्षरं टाका, कुणी नको म्हटलं तरी. प्रत्येक बदलाला रिव्हिजन नंबर आणि तारीख. मिस्त्रींना प्रिंट देताना दोन प्रती काढा, दोन्हींवर तुमची आणि त्यांची सही, एक त्यांच्याकडे ठेवायला द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही पाठवून ठेवा. उद्या शटर कुठे अडलं आणि कुणी मिस्त्रींचे पैसे कापायला निघालं, तर कुठल्या मापाने कापायला सांगितलं होतं हे त्यांना दाखवता आलं पाहिजे.