पेशंट मोबाइलवर हसत बोलतोय आणि वेदना विचारली तर १० पैकी ८ सांगतो. मग कागदावर किती लिहायचं? वेदना मोजण्याची खात्रीची पद्धत कोणती?

८ च लिहायचं. मी शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात नर्स आहे. सुरुवातीला अशा पेशंटचे दोन-तीन आकडे मीही मनातल्या मनात कापायचे आणि ते चूक होतं. दुखणं ज्याचं त्यालाच कळतं. बोलण्यात मन गुंतवून तो ते सोसत असतो, एवढंच.

गफलत बहुतेकदा विचारण्यात होते. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस निपचित पडलेला असताना विचारा, २ म्हणेल. मग पोटाशी उशी धरून खोकायला सांगा. ओठ आवळले जातात, हात टाक्यांवर जातो आणि आकडा ७ होतो. या ७ साठीच तो खोल श्वास घ्यायचं टाळतो, कफ साचतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून मी दोन्ही आकडे लिहिते, पडून असतानाचा आणि हालचालीचा. औषध दिल्यावर परत विचारते.

संशोधनात १०० मिलिमीटरची रेघ पुष्कळ वापरतात, एका टोकाला 'अजिबात दुखत नाही' आणि दुसऱ्या टोकाला 'असह्य'. पेशंटने खूण करायची, आपण पट्टीने मोजायचं. गुंगीतल्या किंवा फार वयस्कर माणसाला मात्र ती जड जाते. आणि झेरॉक्स काढल्यावर रेघ तेवढीच राहिली का, हे पट्टी लावून बघा!

नुसत्या आकड्यात दुखण्याची जात कळत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली मॅकगिल प्रश्नावली मांडली, तिच्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत आहेत. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. एक जण म्हणतो 'ठणकतंय', दुसरा म्हणतो 'आग होतेय, मुंग्या येतात'. दोघांचाही आकडा ६. पण दुसऱ्याची नस दुखावलेली असू शकते आणि तिला नेहमीच्या गोळ्या सहसा पुरत नाहीत. त्यामुळे पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवा.

ज्यांना सांगताच येत नाही त्यांच्याकडे बघून मोजावं लागतं. त्यासाठी ठरलेले तक्ते आहेत: तान्ह्या बाळांसाठी फ्लॅक, स्मृतिभ्रंशात पेनॅड, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी सीपॉट. चेहरा, हातपाय, रडणं-कण्हणं यांवर गुण द्यायचे. बाळाला उचलून थोपटल्यावर ते शांत होतं का, यालाही फ्लॅकमध्ये गुण आहेत, तेव्हा लांबून बघून तक्ता भरू नका.