सिडकोहून वाळूजला रोज: कार की बस? आधी परतीचं बघा

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घर सिडको एन-2 ला, इतकी वर्षं नोकरी चिकलठाण्यात, म्हणजे घरापासून दहा मिनिटांवर. आता बदली वाळूजच्या एमआयडीसीत. रोज अख्खं संभाजीनगर ओलांडायचं. 3 लाख कर्ज काढून जुनी कार घ्यावी की सिटी बस धरावी? बाइक दारात आहे, पण वहिनी बाइकवर जाऊ द्यायला तयार नाहीत.

हा रस्ता मी 14 वर्षं केलाय. सुरुवातीला बाइकवर, मधली 5 वर्षं कारनं, नंतर बसनं. माझी बाजू बसची आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तेवढं वजा करता येईल.

कारचा हिशोब आपल्याकडं सगळे फक्त पेट्रोलवर करतात आणि बसचा फक्त मिनिटांवर. दोन्ही अर्धे हिशोब. जाऊन-येऊन 34 किलोमीटर धरा, महिन्याचे कामाचे दिवस 25, म्हणजे 850 किलोमीटर. जुनी पेट्रोल कार जालना रोडच्या गर्दीत लिटरला 14 देते असं समजू. 60-61 लिटर झालं. पेट्रोल 105 धरलं तर 6,400 च्या आसपास. (परभणीच्या पाहुण्यांसमोर पेट्रोल महाग म्हणू नका, तिथं इंधनाच्या डेपोपासूनच्या लांब अंतरामुळं आपल्यापेक्षा जास्त मोजू लागलेत ते.) आता 3 लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 6,700 च्या जवळ जातो. म्हणजे पंक्चर, टायर, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग काहीच न धरता महिन्याला 13,000 गेले. 5 वर्षांत बँकेला 1 लाख फक्त व्याजाचे. बसचं एका वेळचं तिकीट जे असेल त्याला 50 नं गुणा आणि या आकड्याशेजारी लिहून ठेवा. सीएनजी किटवाली मिळाली तर इंधनाचा खर्च उतरतो, पण डिकी जाते, आणि पंपावरची रांग तुमच्या झोपेतून वजा होते.

मिनिटांचं मात्र खरं सांगतो, बस हळू आहे. मला सकाळी कारनं पाऊण तास लागायचा. बसनं सव्वा तास, उतरल्यावरचं चालणं वेगळं. दिवसाला तास गेला. पण कारचा तो पाऊण तास माझ्या कामाचा नव्हता, तो क्लचचा होता. सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक इथं पूल झाले, तरी पुलाखालून यायची वेळ आली की सिग्नल तेच. पुढं बाबा पेट्रोल पंपावरून छावणीकडं लागलं की नगर नाक्याच्या तोंडाशी सगळं एकत्र येतं: वाळूजला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसा, दौलताबाद-नाशिककडचे ट्रक, काळी-पिवळी, दूधवाले. गुरुवारी छावणीचा बाजार असतो, त्या दिवशी दहा मिनिटं आधी निघा, कार असो वा बस. आषाढीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला लाखाची गर्दी होते आणि नगर रोडची वाहतूक वळवतात, तेव्हा तर दोन्ही सारखंच. खुलताबादच्या भद्रा मारुतीला चालत जाणारे लोक हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री याच नाक्यावरून जातात. सेकंड शिफ्ट सुटल्यावर मी एकदा त्यांच्यात कार घातली होती. नगर नाका ते क्रांती चौक दीड तास. कुणाला हॉर्न वाजवायचीही लाज वाटावी अशी गर्दी.

कारच्या पाचव्या वर्षी डावा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी विचारलं, जिने किती चढता? म्हटलं जिने नाही, क्लच. तिथून बस सुरू झाली. मोठा विचार करून बदल केला असं काही नाही.

आता मुद्द्याचं. सगळे जाताना बस मिळते का ते बघतात. सकाळी मिळतेच, सगळं शहर त्याच वेळेला निघतं. तुम्ही येतानाचं बघा. तुमची शिफ्ट साडेपाचला सुटते, पण तुम्ही खरंच साडेपाचला सुटता का? मीटिंग, डिस्पॅच, ऑडिट, साहेबांचं 'दोन मिनिटं थांबा'. साडेसहापर्यंत ठीक आहे. आठनंतर दोन बसमधलं अंतर वाढतं आणि मग शेअर रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं. म्हणून मागचे दोन महिने आठवा आणि बघा, किती दिवस रात्री आठच्या पुढं गेट सोडलं. महिन्यात चार-पाच दिवस असतील तर बस धरा आणि त्या दिवसांचे रिक्षाचे पैसे बाजूला काढून ठेवा, तरी ते हप्त्याच्या पासंगाला पुरणार नाहीत. दहा-बारा दिवस असतील तर बसचा नाद सोडा. इथं मी बसवाला असूनही हेच सांगीन.

दुसरं, कंपनी नेमकी कुठं आहे? छोटं पंढरपूर किंवा ओअ‍ॅसिस चौकाजवळ असेल तर उतरलं की गेट. आत सेक्टरमध्ये दीड-दोन किलोमीटर असेल तर मे महिन्यात 42 डिग्रीत ते चालणं होत नाही, आणि जूनमध्ये चिखल. अशा वेळी त्या भागात राहणारा एखादा सहकारी धरा. बजाजनगरला राहणारे पुष्कळ जण चौकातून गाडीवर बसवून नेतात, सकाळच्या चहावर काम होतं.

आणि सगळ्यात आधी कंपनीची बस सिडकोवरून येते का ते एचआरला विचारा. बदलून आलेल्या माणसाला कुणी आपण होऊन सांगत नाही. मला चार महिन्यांनी कळलं होतं, तेही कँटीनमध्ये.

बीड बायपासचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच: झाल्टा फाट्याकडून किंवा संग्रामनगरच्या पुलावरून बायपास, महानुभाव आश्रम चौक, मग पैठण रोड आणि लिंक रोडनं ए. एस. क्लब. कार असेल तर सकाळी तो रस्ता सुटसुटीत वाटतो, पण किलोमीटर वाढतात आणि अवजड गाड्यांच्या मधून चालवावं लागतं. बाइकवर तिकडं जाऊ नका. यात वहिनींचं बरोबर आहे.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आहे. तुम्ही पूर्वेकडून पश्चिमेला जाणार आणि संध्याकाळी पूर्वेला परत येणार, म्हणजे दोन्ही वेळेला ऊन पाठीला. वाळूजकडच्या बजाजनगरला राहून पूर्वेच्या शेंद्र्याला जाणाऱ्यांना विचारा, दोन्ही वेळेला सूर्य डोळ्यांत घेऊन गाडी चालवतात बिचारे. बसमध्येही मे महिन्यात येताना उजवीकडची, ड्रायव्हरच्या बाजूची सीट धरा, डावीकडच्या खिडक्या तापतात.

चौघांनी मिळून एक कार हा मधला मार्ग मी वर्षभर करून बघितला. पैसे वाचतात. पण कार एकाची असते आणि उशीर तिघांचा. त्यातला एक जण ओव्हरटाइमला थांबला की बाकीचे गेटवर शेंगदाणे खात बसतात. चौघांची शिफ्ट, चौघांचा साहेब एकच असेल तरच करा.

गंगापूरहून वाळूजला यायचं असं ज्या ताईंनी विचारलं होतं, त्यांच्यासाठी एक ओळ: तुमचा हिशोब वेगळा आहे, तुम्ही एसटीच्या हद्दीत येता. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आणि घरातल्या पुरुषांनी मासिक पास काढला तर 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास होतो. तिथं कारचा विचारसुद्धा करू नका.

तर भाऊ, कार आत्ताच घेऊ नका. महिनाभर बस करा, आणि बाइक विकू नका. एन-2 पासून सिडको स्टँडपर्यंत बाइकनं या, तिथं लावा आणि सुरुवातीच्या थांब्यावर बसा. मधल्या स्टॉपवर चढाल तर क्रांती चौकापर्यंत उभंच राहावं लागेल, मग दोन दिवसांत कंटाळून शोरूम गाठाल. एवढ्या अंतराला वहिनीही नाही म्हणणार नाहीत. रोज किती वाजता घरी पोचलात ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, तिथं दुधाचा हिशोब लिहितो आपण तसं. महिन्याच्या शेवटी ते पान आणि 13,000 चा आकडा वहिनींसमोर ठेवा.

सोमवारपासून येणार असाल तर सकाळी सात वीसला मी स्टँडवर असतो. निळी पिशवी, हातात डबा. पुढच्या दारामागची दोन नंबरची सीट माझी, तिसरी तुमच्यासाठी धरतो.