वडिलोपार्जित रान आणि घर पुढच्या मालकांनाही बांधील राहील असा करार करून राखता येतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संगमेश्वराकडे चार चुलत घरांची मिळून सामाईक जमीन आहे. वरच्या अंगाला जुनं रान आणि बारमाही झरा, खाली कलमं आणि पणजोबांनी बांधलेलं घर. परदेशात जमीनमालक करार करून आपलं जंगल कायमचं राखतात, असं तुम्ही वाचलंत. तसं इथे करता येईल का? आणि नाहीच, तर मृत्युपत्रात ‘हे रान कोणी तोडू नये’ अशी अट घातली तर चालेल का?

मी जमिनीच्या कागदपत्रांचं काम करणारा वकील आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे: चालणार नाही. मालमत्ता पूर्ण मालकीने द्यायची आणि ती कशी वापरायची हेही सांगून ठेवायचं, हे कायद्याला मान्य नाही. बक्षीसपत्र किंवा खरेदीखत असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ११ आडवं येतं. मृत्युपत्राच्या बाबतीत भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम १३८ त्याच विचाराचं आहे. मुलाला जमीन मिळते, अट गळून पडते. अशी मृत्युपत्रं लोक फार भक्तिभावाने लिहून आणतात. मी त्यांना सांगतो की हे पत्र म्हणून मुलाला जरूर द्या, पण त्याच्या जोरावर झोपू नका.

आता मुख्य प्रश्न. परदेशात हे कसं जमतं ते आधी बघू, म्हणजे आपलं कुठे अडतं ते कळेल.

लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअर नावाचा चौक आहे. १८०८ मध्ये टल्क नावाच्या मालकाने चौकातली बाग विकली. शेजारची घरं त्याच्याकडेच होती, म्हणून खरेदीदाराकडून त्याने लिहून घेतलं की बाग बागच राहील, तिथे बांधकाम होणार नाही. बाग हातोहात फिरत मॉक्सेकडे आली. त्याला अट माहीत होती, तरी तो म्हणाला की करार मी केलेला नाही, मी बांधणार. १८४८ मध्ये न्यायालयाने त्याला अडवलं. अट माहीत असताना जमीन घेतलीस, तर अटीसकट घेतलीस. खासगी जमिनीवरची बाग सरकारी बंदीशिवाय, निव्वळ जुन्या मालकाच्या शब्दावर वाचली.

पण पुढच्या निकालांनी या तत्त्वाला दोन कुंपणं घातली. एक म्हणजे असं बंधन फक्त नकारार्थी असू शकतं. ‘बांधू नका’ चालतं, ‘दरवर्षी डागडुजी करा’ हे पुढच्या मालकावर लादता येत नाही. दुसरं, बंधन राबवायचं तर राबवणाऱ्याची स्वतःची जमीन जवळ असली पाहिजे आणि तिला त्या बंधनाचा फायदा झाला पाहिजे. म्हणजे एखादी निसर्गप्रेमी संस्था, जिची तिथे गुंठाभरही जमीन नाही, ती काहीच करू शकत नाही. इंग्लंडने हे कुंपण १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेपुरतं काढलं. सर्वसाधारणपणे दार उघडायला पर्यावरण अधिनियम २०२१ यावा लागला. त्याखालचे संवर्धन करार ३० सप्टेंबर २०२२ पासून करता येतात. त्यात निसर्गाबरोबर पुरातत्त्व, वास्तू आणि सांस्कृतिक वारसाही येतो.

तुम्ही बहुधा न्यूझीलंडबद्दल वाचलं असावं. तिथे हे काम सगळ्यात सरळ झालं, आणि ते शेतकऱ्यांनीच मागून घेतलं. वाइकाटो भागातले दूधउत्पादक शेतकरी गॉर्डन स्टीफन्सन यांनी शेतकरी संघटनेतून त्यासाठी पाठपुरावा केला. १९७७ मध्ये कायदा होऊन राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या नावाने राष्ट्रीय न्यास उभा राहिला. पहिला करार स्टीफन्सन यांच्याच रानाच्या तुकड्याचा, सुमारे चार हेक्टरचा. आज असे ५,००० हून अधिक करार आहेत. जमीन मालकाचीच राहते, तो ती विकू शकतो, गहाण ठेवू शकतो. करार जमिनीच्या मालकीपत्रावर नोंदला जातो आणि पुढच्या प्रत्येक मालकाला लागू होतो. कुंपणाच्या खर्चात न्यास वाटा उचलतो, आणि त्याचा माणूस ठरावीक काळाने येऊन रान बघून जातो. कोरोमंडल भागात नंतर जमीन घेतलेल्या एका कंपनीने असा करारच वैध नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढत दिली, आणि २०१८ मध्ये ती हरली. अमेरिकेत अशा करारांना आयकरात सवलत आहे. तिथे त्या सवलतीसाठी जमिनीची किंमत फुगवून दाखवणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला आणि २०२२ मध्ये संसदेला त्याला चाप लावावा लागला. असो.

भारतात कलम ४० आहे, तेही मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातलंच. ते लेस्टर स्क्वेअरच्या निकालाचंच रूप आहे: शेजारच्या जमिनीच्या लाभासाठी घातलेलं नकारार्थी बंधन, माहीत असून घेणाऱ्या खरेदीदारावर लागू. आणि कुंपणंही तीच. आपला वहिवाटीच्या हक्कांचा कायदाही १८८२ चा, आणि त्यातही हक्क एका जमिनीचा दुसऱ्या जमिनीवर असतो, संस्थेचा जमिनीवर नाही. इंग्लंडने २०२१ मध्ये जे दुरुस्त केलं ते आपण रानासाठी केलेलंच नाही.

‘रानासाठी’ हा शब्द मी मुद्दाम घातला. कारण दगडविटांसाठी आपल्याकडे असा करार १९०४ पासून आहे! कर्झनच्या काळातल्या प्राचीन स्मारक कायद्यात तो होता, आणि आजच्या १९५८ च्या कायद्यात तो कलम ६ म्हणून आहे. संरक्षित स्मारक खासगी मालकीचं असेल तर जिल्हाधिकारी मालकाशी केंद्र सरकारच्या वतीने करार करू शकतो. देखभाल कोणी करायची, राखणदार कोण, मालकाने काय पाडायचं-बदलायचं नाही, जवळ बांधायचं नाही, लोकांना बघायला कसं सोडायचं, खर्च कोण देणार, विकायला काढलं तर आधी सरकारला कळवायचं, हे सगळं त्यात लिहिता येतं. आणि त्या मालकाकडून ज्याच्याकडे स्मारक जाईल त्यालाही करार बांधील राहतो. नकारार्थी आणि होकारार्थी दोन्ही बंधनं, शेजारी जमीन असण्याची गरज नाही. म्हणजे कायदा कसा लिहायचा हे आपल्याला शंभरावर वर्षं ठाऊक आहे. एखाद्या देवराईच्या मालकाला मात्र तो उपलब्ध नाही. मला हे कधीच पटलेलं नाही.

तुमच्या घराला याचा उपयोग नाही, कारण ते संरक्षित स्मारक नाही आणि होण्याची शक्यताही नाही. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीपासून वारसायादीतल्या घराच्या मालकाला न वापरलेलं बांधकाम दुसरीकडे विकण्याचा हक्क, म्हणजे टीडीआर, मिळू शकतो. गावात त्या हक्काला गिऱ्हाईकच नाही.

मग तुम्ही काय करावं? तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी संस्थेकडे नसते: शेजारची जमीन. तुमची चार घरं अजून सामाईक आहेत, कधीतरी वाटप करावंच लागणार. ते वाटप हीच संधी. झऱ्याचं पाणी खालच्या चारही वाट्यांना लागतं, आणि झरा टिकतो तो डोक्यावरच्या रानामुळे. म्हणजे रान न तोडण्याचा फायदा खालच्या जमिनींना आहे, आणि कलम ४० ला नेमकं हेच हवं असतं. नोंदणीकृत वाटणीपत्रात चौघांनी एकमेकांना बांधून घ्यायचं. मजकूर साधारण असा: ‘सोबतच्या नकाशात हिरव्या रंगाने दाखविलेल्या क्षेत्रात, सदर झऱ्याच्या व खालील वाट्यांच्या लाभासाठी, कोणीही वाटेकरी सरसकट वृक्षतोड, उत्खनन अथवा बांधकाम करणार नाही, सदरचे बंधन त्या क्षेत्राच्या पुढील सर्व हस्तांतरितांवर राहील.’ लाभ कोणत्या गटांना, ते क्रमांकासह लिहा. ते गाळलंत तर कलमाचा पायाच जातो. दस्त नोंदवलेला असला की खरेदीदाराला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही, नोंदणी हीच माहिती धरली जाते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद घेण्यासाठीही अर्ज करा. तलाठी कुरकुर करेल, तरी करा.

याच्या मर्यादा ऐका. चौघं (किंवा त्यांचे वारस) एकत्र आले तर बंधन सोडून देऊ शकतात. वणवा अडवण्यासाठी दरसाल जाळरेषा काढा, असं पुढच्या मालकाला सांगता येत नाही. आणि कोणी करवत लावलीच तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणायला तुमच्यापैकीच कोणाला तरी धावावं लागेल. न्यूझीलंडसारखा रान बघायला येणारा माणूस इथे नाही. तरी आजच्या कायद्यात मला याहून भक्कम आणि स्वस्त काही दिसत नाही. अडचण कायद्याहून मोठी वेगळीच असते. सातबाऱ्यावर पन्नास नावं, त्यातली काही हयात नाहीत, काही मुंबईला, एक जण रागावलेला. वारसनोंदी आधी पूर्ण करा, त्याशिवाय एकाच्या सहीला अर्थ नाही.

याहून पक्कं हवं असेल तर सार्वजनिक न्यास. रान न्यासाला दिलं की धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ते विकता येत नाही, सार्वजनिक न्यास अधिनियम १९५० चं कलम ३६ तसं सांगतं. ‘कायमचं’ या शब्दाला कायदा एरवी बिचकतो, पण लोकहिताच्या हेतूसाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १८ मध्ये सूट आहे. मात्र जमीन तुमची राहत नाही, हे घरात सगळ्यांना नीट समजावून सांगा. शिवाय कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता, बक्षीस देता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही, आणि न्यास शेतकरी धरला जात नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. एखाद्या संस्थेला तीस वर्षांच्या पट्ट्याने रान देऊ, असं कोणी सुचवलं तरी हेच कलम आडवं येईल.

संस्थांशी साधे मुदतीचे करार मात्र होतात. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने तुमच्याच संगमेश्वर भागात खासगी रानांच्या मालकांशी असे करार केले आहेत: मालकाने तोड करायची नाही, त्याबदल्यात काही लाभ. पुढच्या मालकावर ते बंधन नाही, पण रान उभं ठेवण्याला पैशाचं कारण मिळतं, आणि लाकूड ठेकेदार दारात उभा असतो तेव्हा ते फार मोलाचं असतं.

सरकारी मार्ग म्हणजे वन्यजीव कायद्यातलं कलम ३६-सी, समुदाय राखीव क्षेत्र. २००२ च्या दुरुस्तीने ते आलं. मालक स्वतःहून पुढे आला तर राज्य सरकार खासगी जमीनही अशी घोषित करू शकतं. पंजाबात गुरदासपूरजवळची केशोपूरची पाणथळ अशी राखली आहे, तिथे जमीन पंचायतींची. घोषणेनंतर जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता दोन्ही लागतात, त्यामुळे संरक्षण खरं आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीच्या समितीत मालकाला जागा आहे, सोबत वनखातं आणि पंचायत.

आणि इथेच तुमचे काका नाही म्हणतील. कोकणात ‘वनखातं’ म्हटलं की जुनी माणसं गप्प होतात, त्याला कारण आहे. ३० ऑगस्ट १९७५ ला खासगी वने संपादन कायदा लागू झाला आणि त्या एका दिवसात खासगी वनं सरकारजमा झाली. पुढे कित्येक वर्षं मालकांना सातबाऱ्यावर नोंद बघून ते कळत राहिलं. वन कायद्याखालची नुसती नोटीस काढली होती, मालकाला बजावली नव्हती, अशा जमिनींना हा कायदा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गोदरेजच्या विक्रोळीच्या जमिनीच्या खटल्यात सांगितलं ते २०१४ मध्ये. मधल्या काळात कोकणी मालकाने धडा घेतला की रान राखलं तर सरकार नेतं, तोडून कलमं लावली तर आपलं राहतं. काकांना दोष देऊ नका, त्यांना समजावताना हे मनात असू द्या. वाटणीपत्रातल्या बंधनाला सरकारचा हात लागत नाही, ही गोष्ट त्यांना पटेल.

म्हणून सगळ्यात आधी तुमच्या गटाचे जुने फेरफार काढा आणि ‘खाजगी वन’ अशी नोंद कधी झाली होती का ते बघा. असेल, तर वरचं सगळं थांबतं आणि वेगळंच काम सुरू होतं. तेव्हा त्या फेरफाराची नक्कल घेऊन जवळच्या वकिलाकडे जा. नसेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करा आणि रानाची हद्द नकाशावर स्वतंत्र दाखवून घ्या. मोजणी पावसाळ्यानंतर ठेवा, आणि त्या दिवशी चारही घरांतलं एकेक माणूस बांधावर हजर असू द्या.