रुमालाखालची बोटं

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाला त्याच रात्री लिहायला बसलो होतो, पण लाईट गेली. "काका, मी काय, ग्रामपंचायतीतली नुसती कॉम्प्युटर ऑपरेटर. अधिकार सगळा सरपंचाला आणि ग्रामसेवकाला," असं तू म्हणालीस, ते डोक्यातून जाईना. (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे. आम्ही ग्रामसेवक म्हणूनच निवृत्त झालो.) बेटा, ज्या दिवशी तुझ्या हाती पासवर्ड आला, त्या दिवशी गावातल्या चार-पाच वजनदार माणसांत तुझी गणती झाली. अजून तुला ते कळलेलं नाही, एवढंच.

तुझ्या बापासोबत एकदा बैलबाजारात गेलो होतो. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे, दोघांचे हात एका रुमालाखाली. बोट दाबलं की भाव वाढला, सोडलं की उतरला. तोंडातून ब्र नाही. तुझा बाप कासरा धरून बाजूला उभा. बैल त्याचा, पण बैलाची किंमत त्याला सोडून बाकी दोघांना ठाऊक. हेडी म्हणाला, "बापू, एवढ्यातच बसतंय बघा." तुझ्या बापानं काय करावं? सरळ रुमाल ओढून घेतला! हेडी चिडला, आजूबाजूचे लोक हसले, पण त्यापुढचा भाव तोंडी झाला. जास्त मिळाले का, ते आता आठवत नाही. रुमाल मात्र आठवतो.

आपल्या मराठवाड्याला या रुमालाची सवय जुनी. निजामाच्या राज्यात दरबारी भाषा उर्दू. वसुलीची नोटीस आली की माझे आजोबा कागद घेऊन वाचणाऱ्याच्या ओट्यावर जायचे. तो वाचून दाखवायचा नाही, काय लिहिलंय ते 'सांगायचा'. वाचून दाखवणं वेगळं आणि सांगणं वेगळं, हे आजोबांना कळत होतं. पण इलाज नव्हता. सभा घ्यायची तर परवानगी, नाहीतर गश्ती निशाण 53, म्हणजे सभांवर बंधन घालणारा सरकारी हुकूम, दाखवायचे. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 साली 'मराठवाडा' पत्र काढलं, तर त्यावर बंदी. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची शरणागती आली, तीही लोकांनी रेडिओवर ऐकली. आणि रेडिओ गावात असायचा किती जणांकडे? 2023 साली निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा पुन्हा उर्दू आणि मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं. कागद आपला, बाप-आजाच्या नावाचा, आणि वाचणारा दुसराच.

आता माझं सांगतो. हे तुझ्या काकूलाही पुरतं माहीत नाही.

2001 सालची गोष्ट. गाव सांगत नाही. घरकुलाची यादी ग्रामसभेत ठरायची होती. सात दिवस आधी नोटीस लागली. फळ्यावर, फळा कार्यालयाच्या आत, आणि कार्यालयाला कुलूप. दवंडीही झाली. हलगी मारुतीच्या पारापुढं वाजली आणि तिथंच थांबली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेलीच नाही. मला ते माहीत होतं. सभेला पंधरा-वीस डोकी. ठराव मी दुसऱ्या दिवशी निवांत बसून लिहिला आणि वही शिपायाबरोबर घरोघर सह्यांना पाठवली.

महिनाभरानं वस्तीवरची एक म्हातारी आली. "सायेब, सभा कवा झाली?" मी वही उघडून तिच्यापुढं धरली. तिचाच अंगठा होता त्यावर. रॉकेलच्या यादीसाठी म्हणून तिनं शिपायापुढं उठवला होता. ती आपल्या अंगठ्याकडं बराच वेळ बघत राहिली, मग निळी शाई कुठं राहिली असावी तसा लुगड्याला अंगठा पुसला आणि गेली. वहीत बघितलं तर मी कुठंच चुकलेलो दिसत नव्हतो. नोटीस, दवंडी, कोरम, म्हणजे किमान हजेरी, पुरा नाही म्हणून तहकूब, मग पुन्हा सभा, सगळं कागदावर होतं. फक्त ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळू दिलं नव्हतं. मला स्वतःच्या तोंडानं खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही.

म्हणून तुला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तुझ्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं असं तू हसत सांगितलंस. ती नुसती सेटिंग नाही, तो रुमाल आहे. तू अ‍ॅडमिन असशील तर उघड कर; शिव्या येतील, गुड मॉर्निंगचे फोटो येतील, येऊ दे. 2024 च्या ऐन पोळ्यात पाणी शिरलं तेव्हाचं आठव. पीकविम्याची तक्रार 72 तासांत करायची होती. ज्यांना पहिल्या दिवशी कळलं ते केंद्रावर रांगेत होते, ज्यांना चौथ्या दिवशी कळलं ते सोयाबीन बघत बांधावर. त्या चौथ्या दिवशीवाल्यांकडं स्मार्टफोन नसतो, म्हणून वस्तीवर माणूस पाठव. नसेल कुणी तर सायकलवर स्वतः जा. ठराव सभा उठायच्या आत लिहून घे, मोठ्यानं वाच आणि मगच सह्या घे. सरपंच चिडतील. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, 2005 च्या, कलम 4 आहे. कुणी अर्ज करण्याआधीच आपणहून माहिती लावायची, असं ते सांगतं. ते छापून टेबलाच्या काचेखाली ठेव, वाद घालावा लागणार नाही.

आणखी एक. लोक तुझ्याकडं येतील, "ताई, काय आलंय वरून?" विचारतील. तेव्हा छातीत जरा बरं वाटेल. मलाही वाटायचं. "बघतो, उद्या या," म्हणायला फार गोड लागतं ते. तसं वाटलं की स्क्रीन त्यांच्याकडं वळव, त्यांचं त्यांना वाचू दे.

तुमच्या नव्या कार्यालयाबाहेर काचेचा फलक बसवलाय म्हणालीस. काचेला कुलूप असणारच. त्याची किल्ली कुणाच्या खिशात असते, ते बघून कळव. आणि आईला सांग, हुरड्याला येतो म्हणून.

तुझे काका