नव्या गाडीला पीपीएफ: आधी पुढचा भाग झाक

भावा, पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, गाडीचा रंग वाचवायला वरनं चिकटवायची पारदर्शक फिल्म. ती अख्ख्या गाडीला लावायचा हट्ट नको. बेळगाव-निपाणी हायवेवर टिपरमागनं उडणारी खडी बंपर, बॉनेटची पुढची कड आणि आरशांवर बसते. खानापूरकडच्या रस्त्यांवर आपल्याच चाकांची खडी दारांखालच्या पट्टीवर आदळते. आधी तेवढंच झाक.

सिरॅमिक कोटिंगनं, म्हणजे रंगावर चोळून लावायच्या द्रव थरानं, दगड अडत नाही, कोणी काहीही सांगो. त्याचा थर फारच पातळ. पीपीएफ साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड. फिल्म टीपीयूचीच (ताणलं जाणारं लवचीक प्लास्टिक) घे. पीव्हीसी स्वस्त, पण उन्हात लवकर पिवळी पडते. टीपीयूवरचे बारीक ओरखडे उन्हानं किंवा गरम पाण्यानं भरून येतात, खोल काप मात्र नाही.

पैसे देण्याआधी, जिथं लावून घेणार त्या दुकानात फिल्म लावलेली एखादी गाडी बघच. बॉनेटच्या कडेवर नख फिरव. फिल्म आत वळवलेली असेल तर नख अडकत नाही. कडेच्या अलीकडेच कापली असेल तर तिथं धुळीची काळी रेघ दिसते. गाडीवरच ब्लेड चालवणारा असेल तर सरळ परत फीर, मशीनवर मापानं कापलेली फिल्म माग.

पत्रा नव्यानं रंगवला असेल तर रंग पूर्ण सुकू दे, नाहीतर फिल्म काढताना रंगही निघतो. लावल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नकोस, आणि नंतरही प्रेशरचं पाणी कडांवर मारू देऊ नकोस.