शेजारच्यांचा कॅमेरा, आमचं न्हाणीघर

प्रश्न : आमचं घर बैठं आहे, मागे परस. न्हाणीघर परसातच, वेगळं. शेजाऱ्यांच्या मोटरसायकलमधलं पेट्रोल दोनदा चोरीला गेलं म्हणून त्यांनी दिवाळीत चार कॅमेरे बसवले. त्यातला एक गच्चीच्या कोपऱ्यावर, आमच्या परसाकडे तोंड करून. सासूबाई तिथे उन्हात केस वाळवत बसायच्या, त्या आता मागचं दारच उघडत नाहीत. बोलायला गेलो तर म्हणाले, ‘कॅमेरा आमच्या भिंतीवर आहे, तुमचं काय जातं?’ पोलीस म्हणतात, मामला दिवाणी आहे, कोर्टात जा. कोर्ट काही करतं का, की नुसत्या चपला झिजवायच्या? मोटरसायकल तर ते पुढच्या अंगणात लावतात!
– एक भगिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मोटरसायकल पुढे आणि कॅमेरा मागे! तुमचा दावा या एका वाक्यावर उभा राहू शकतो.

भिंत त्यांची आहे, हे खरं. पण आपल्या जागेत उभं राहून दुसऱ्याच्या घरात डोकावायचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि हे कायद्याला आजच सुचलेलं नाही. सुविधाधिकाराचा, म्हणजे शेजारच्या मालमत्तेबाबत आपल्याला असणाऱ्या हक्कांचा, कायदा १८८२ चा. त्याच्या १८ व्या कलमाखाली एक उदाहरण दिलंय : एखाद्या शहरात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घराचा एरवी नजरेआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी कुणी पाडायची नाही. गुजरातेत ही रूढी कोर्टांनी मानलेली आहे. आपल्याकडे मात्र ती साक्षीपुराव्याने शाबीत करावी लागते आणि ते जड जातं. म्हणून दाव्यात हा मुद्दा घ्या, पण सगळा भार त्यावर टाकू नका.

मुख्य आधार घ्या २४ ऑगस्ट २०१७ चा. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या कलमातला मूलभूत हक्क आहे. समोरचे वकील लगेच उठतील : तो हक्क सरकारविरुद्ध, शेजाऱ्याविरुद्ध नाही! त्याला उत्तर म्हणून जानेवारी २०२३ चा घटनापीठाचा निकाल आहे. २१ व्या कलमातला हक्क खासगी व्यक्तीविरुद्धही मागता येतो, असं बहुमताने ठरलं. शिवाय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोन भावांच्या वादात, एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे बंद करायला लावले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. ते कॅमेरे घराच्या आत होते, तुमच्याकडे ते बाहेरून बघताहेत. एवढा फरक न्यायाधीश विचारणारच, तयारीत राहा.

मागायचं काय? कायम मनाई आणि कॅमेरा काढण्याचा किंवा वळवण्याचा आज्ञार्थक हुकूम. मूळ दावा रेंगाळेल, ते मी लपवत नाही. पण सोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या मनाईचा, अर्ज द्यायचा. आम्ही त्याला ‘निशाणी ५’ म्हणतो. खरी लढाई तिथेच होते. हुकूम मिळाल्यावर शेजाऱ्यांनी मोडला, तर मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

आता माझी एक फजिती सांगते. वकिली सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. असंच न्हाणीघर, वर शेजाऱ्याची नवी खिडकी. मी मोठ्या उत्साहाने कोर्ट कमिशनर, म्हणजे जागा पाहून अहवाल द्यायला कोर्टाने नेमलेला माणूस, मागितला. ते टेप घेऊन आले, माझ्या अशिलाच्या परसात उभे राहून मोजमाप घेतलं, चहा प्यायले, गेले. अहवालात लिहिलं : खिडकी उत्तरेस, अडीच फूट बाय तीन फूट. न्यायाधीशांनी विचारलं, ‘खिडकीतून दिसतं काय?’ कमिशनर जिना चढलेच नव्हते. अर्ज नामंजूर!

म्हणून तुमच्या अर्जात स्पष्ट लिहा, की कमिशनरने शेजाऱ्यांच्या घरात जाऊन त्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर पाहावं आणि त्याचा फोटो अहवालाला जोडावा. हल्लीच्या काळ्या घुमटाच्या कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे, ते खालून कळतच नाही. ‘कमिशनर पुरावा गोळा करायला नसतो’ अशी हरकत येईल. ती ठरलेलीच असते. उत्तर द्या, की पडदा त्यांच्या घरात आहे, मी कुठून बघू?

तोवर कॅमेऱ्यावर काठीने पिशवी घालू नका, केबल तोडू नका. एका पिशवीने फिर्यादीचा आरोपी होतो. तुमच्या हद्दीत हिरवं नेट बांधा, पण त्याआधीचे फोटो तारखेनिशी काढून ठेवा. नाहीतर ते म्हणतील, आता दिसतंच काय?

आणि दाव्याआधी वकिलामार्फत नोटीस द्या. तीत सुचवा, की आमच्या परसाचा भाग पडद्यावर काळा करून टाका. बऱ्याच यंत्रांत ही सोय असते आणि बसवणारा मुलगा ती पाच मिनिटांत करून देतो. शेजारी ऐकतील असं नाही, पण साधा उपाय सुचवूनही नाकारला, हे कोर्टाला दिसतं. बाकी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यावर विसंबू नका. घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू होत नाही.

प्रश्न : घटस्फोटाचा दावा चालू आहे. नवऱ्याने माझं त्याच्याशी झालेलं फोनवरचं बोलणं गुपचूप टेप केलंय. ते कोर्ट फेकून देईल ना?
– नाव देऊ नये, ठाणे

उत्तर : तसं गृहीत धरू नका. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नवरा-बायकोच्या आपसातल्या वैवाहिक दाव्यात असं टेपिंग पुराव्यात घेता येतं. खासगीपणाचं कारण तिथे आड येत नाही. तुमचं बळ दुसरीकडे आहे. पूर्ण रेकॉर्डिंग आणि ज्यावर ते केलं तो मोबाइल मागा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलंय का, ते वकिलांना तपासायला सांगा. आणि तुमच्या वाक्याआधी तो काय बोलला, ते आठवेल तेवढं आजच लिहून काढा.